निकालासोबत फेऱ्यांच्या वेळाही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

येत्या २५ जुलैला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधल्या ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीला ५० वर्षे पूर्ण होतील. १९७६च्या त्या शर्यतीत आपले श्रीराम सिंग सातवे आले. त्यानिमित्त वृत्तपत्रांत लेख येतील आणि बहुतेकांत एक वाक्य नक्की असेल : पहिली फेरी संपली तेव्हा भारताचा धावपटू साऱ्या जगाच्या पुढे होता. वाक्य खरे आहे आणि अभिमान वाटावा असेच आहे. पण लेख तिथेच थांबला, तर आपल्या ग्वाल्हेरच्या शाळांतली मुले त्यातून नेमके उलटे शिकतात : पहिल्या फेरीतच सुसाट सुटावे. म्हणून हे पत्र.

त्या दिवशीच्या वेळा नोंदलेल्या आहेत. श्रीराम सिंग यांची पहिली फेरी ५०.८५ सेकंदांची, त्यांना खेटून धावणाऱ्या क्यूबाच्या अल्बर्तो हुआंतोरेनाची ५०.९०. घंटा वाजली तेव्हा दोघांत पाच शतांश सेकंदांचे अंतर. हुआंतोरेनाने शर्यत १:४३.५० या विश्वविक्रमी वेळेत संपवली, श्रीराम सिंग यांना १:४५.७७ लागले. वजाबाकी केली की दुसरी फेरी मिळते : हुआंतोरेना ५२.६०, श्रीराम सिंग ५४.९२. एकाची दुसरी फेरी पहिलीपेक्षा १.७ सेकंदांनी संथ, दुसऱ्याची ४ सेकंदांनी. २०१२ साली लंडनमध्ये केनियाच्या डेव्हिड रुडिशाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे राहून १:४०.९१ चा विश्वविक्रम केला. त्याच्या फेऱ्या ४९.२८ आणि ५१.६३, फरक २.३५. पुढे राहून धावणे हा दोष नव्हेच. किती पुढे आणि कोणत्या भावाने, एवढाच प्रश्न असतो.

८०० मीटरला पहिली फेरी थोडी वेगवान असावीच लागते. पहिल्या वळणापर्यंत प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये असतो, मग सगळे आत येतात आणि तिथे मोक्याची जागा धरावी लागते. पाय ताजे असतात. दीड ते अडीच सेकंदांचा फरक हा चांगल्या शर्यतीचा मानावा. फरक चारावर गेला की शेवटच्या १५० मीटरमध्ये त्याची वसुली होते. ८०० मीटरसाठी लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे दोन-तृतीयांश शक्ती प्राणवायूच्या वापरातून येते. १५०० मीटरला हा वाटा आणखी मोठा, ८० टक्क्यांच्या वर. पण धावायला लागल्यावर शरीराची ही यंत्रणा पूर्ण जोरात यायला मिनिटभर तरी जाते. तोवरची तूट स्नायू आपल्या साठ्यातून भरून काढतात आणि ती भरताना आम्लता वाढत जाते. सुरुवातीला जितकी घाई, तितकी तूट मोठी. मग मांड्या जड होतात, गुडघे उचलत नाहीत, खांदे कानांकडे चढतात आणि पाऊल आखूड पडते. मुले त्याला ‘दम संपला’ म्हणतात. प्रत्यक्षात श्वास बरा चाललेला असतो, पाय ऐकत नसतात. (दुसऱ्या दिवशीचे अंग दुखणे मात्र ‘लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे’ नसते. ते तासाभरात निघून गेलेले असते. दुखते ते स्नायूंना सूक्ष्म इजा झाल्यामुळे. ‘ॲसिड काढण्यासाठी’ रगडून मालिश करणाऱ्यांपासून मुलांना जपावे.)

मग श्रीराम सिंग चुकले का? आमच्या मते नाही. २३, २४ आणि २५ जुलै अशा लागोपाठ तीन दिवसांतली ती त्यांची तिसरी शर्यत होती. समोरच्यांची शेवटची झेप त्यांच्याहून तेज होती. संथ शर्यत झाली असती तर शेवटच्या सरळ पट्ट्यात त्यांना कोणी जवळही फिरकू दिले नसते. पुढे जाऊन वेग ओढणे हाच त्यांच्यापुढचा मार्ग होता, आणि तो धरला म्हणूनच सातव्या क्रमांकालाही १:४५.७७ ही वेळ निघाली. ती राष्ट्रीय विक्रम म्हणून ४२ वर्षे टिकली. जून २०१८ मध्ये गुवाहाटीत जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ नोंदवली तेव्हा कुठे तो मोडला, तोही ०.१२ सेकंदांनी.

पण ती ५०.८५ ची फेरी पेलण्यामागे काय होते, ते मुलांना कोणी सांगत नाही. १९४८ सालचा जन्म. राजपुताना रायफल्समध्ये असताना इलियास बाबर यांच्यासारखा गुरू मिळाला. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर. तिथे न थांबता १९७३ आणि १९७५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत सुवर्ण, मध्ये १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत १:४७.६ च्या वेळेसह सुवर्ण. मॉन्ट्रियलला वय २७. १९७८ ला बँकॉकमध्ये पुन्हा सुवर्ण आणि १९८० ला मॉस्कोत तिसरे ऑलिंपिक. दहा वर्षे एकच अंतर, एकच शिस्त. याच बाबर यांच्या हाताखाली गीता झुत्शी आणि चार्ल्स बोरोमिओ तयार झाले. बोरोमिओने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे सुवर्ण १:४६.८१ मध्ये जिंकले. एका प्रशिक्षकाच्या घड्याळाखाली आशियाई सुवर्णाचे तीन मानकरी तयार होतात तेव्हा त्याला नशीब म्हणता येत नाही.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा आलेखही तसाच आहे. जन्म १९९४ चा. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना सियाचीनपर्यंतची तैनाती झाली. ३००० मीटर स्टीपलचेसकडे तो वळला २०१७ साली, म्हणजे बाविशी ओलांडल्यावर. या शर्यतीत २८ वेळा ९१.४ सेंटिमीटर उंचीचा, धक्क्याने न पडणारा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा असतो. प्रत्येक उडीला लय मोडते आणि ती पुन्हा धरावी लागते, म्हणजे वेग वाटून घेण्याची सगळ्यांत कठीण परीक्षा हीच. त्याच्या वेळा पाहाव्यात : २०१८ ला ८:२९.८०, २०१९ ला ८:२१.३७, टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० आणि रौप्यपदक, सुवर्णापासून अवघे ०.०५ सेकंद दूर. मग २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत ८:०९.९१. सहा वर्षांत २० सेकंद, पायरी-पायरीने. चौदाव्या वर्षी जिल्हा गाजवून सतराव्या वर्षी मैदान सोडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या पालकांनी हा क्रम भिंतीवर लावून ठेवावा.

आता आपल्या गावाकडे. १९५७ पासून इथे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे. ग्वाल्हेर, मुरैना, भिंड या पट्ट्यातली शेकडो मुले पहाटे रस्त्यांवर आणि मैदानांवर धावतात ती सैन्यभरतीच्या १६०० मीटरसाठी. ही शर्यत मध्यम पल्ल्याची आहे, पण तिला तसे कोणी मानत नाही. भरतीत पूर्ण गुण हवे असतील तर साडेपाच मिनिटांत पोचावे लागते. म्हणजे ३३० सेकंदांत चार फेऱ्या, फेरीला ८२.५, दोनशे मीटरला ४१ च्या आसपास. हा वेग अजिबात भयंकर नाही. पूर्ण गुण हुकणाऱ्या मुलाची नेहमी दिसणारी विभागणी ७२, ८३, ९१, ८८ अशी असते. बेरीज ५:३४, चार सेकंदांनी हुकले. तोच मुलगा, त्याच पायांनी, ८१, ८२, ८३, ८२ धावला तर ५:२८ मध्ये आत येतो. एकदा ७२ ची फेरी गेली की पुढचे सगळे तिची भरपाई करण्यात जाते.

हे होते कशामुळे? मोठा जथा एकदम सोडतात, मागे अडकू अशी भीती असते, म्हणून पहिले दोनशे मीटर ३३-३४ सेकंदांत काढले जातात. मागे अडकण्याची भीती अगदीच खोटी नाही. पण तिचा उपाय वेगळा आहे. सुरुवातीला बाहेरच्या अंगाने जावे, पहिल्या वळणानंतरच्या सरळ पट्ट्यात आत यावे आणि पुढच्याच्या उजव्या खांद्यामागे हातभर अंतरावर राहावे. अगदी आतल्या रेषेला चिकटले तर कोंडी होते. शर्यतभर दुसऱ्या लेनमधून धावले तर प्रत्येक फेरीला सुमारे ७ मीटर जास्त पडतात, चार फेऱ्यांना २८ मीटर. साडेपाच मिनिटांच्या वेगाने २८ मीटर म्हणजे जवळजवळ ६ सेकंद. एवढ्यावर निवड हुकते. म्हणून कोणाला ओलांडायचे तर वळणावर नाही, वळण सुटताना. आणि मागे वळून पाहायचे नाही.

मोबाइलच्या ॲपवर भरवसा ठेवून रस्त्यावर १६०० मीटर धावणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. उपग्रहावरून मोजलेले अंतर वळणांवर आणि झाडांखाली चुकते. ॲप १६०० दाखवते तेव्हा प्रत्यक्षात दहा-वीस मीटर कमी धावलेले असू शकते. मग भरतीच्या दिवशी ‘मैदान लांब होते’ असे वाटते. महिन्यातून दोनदा तरी मोजलेल्या ट्रॅकवर वेळ घ्यावी.

मोजलेला म्हणजे नीट मोजलेला. शाळांच्या मैदानांवर बहुधा २०० मीटरचा चुन्याचा ट्रॅक आखतात आणि फीत आतल्या रेषेवरच ठेवून मोजतात. पण धावणारा रेषेवरून धावत नाही. नुसती रेषा असेल तर तिच्या बाहेर २० सेंटिमीटरवर आणि उंच कडा असेल तर ३० सेंटिमीटरवर मोजायचे असते. रेषेवर मोजले तर दर फेरीला सव्वा मीटर जास्त होतो. २०० मीटरच्या ट्रॅकवर ८०० ला चार फेऱ्या, म्हणजे ५ मीटर जादा. चांगल्या शाळकरी धावपटूचा यात पाऊण सेकंद जातो आणि पालक म्हणतात, मुलगा मागे पडला.

संपादक महाशय, आता मूळ मागणी. जिल्ह्याच्या आणि शाळांच्या स्पर्धांचा निकाल आपण आवर्जून छापता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण ८०० मीटरपुढे एवढेच येते : पहिला अमुक, वेळ २:१०. समजा दोन मुले वेगवेगळ्या गटांत २:१० मध्ये धावली. एक ६४ अधिक ६६, दुसरा ५९ अधिक ७१. छापील निकालात दोघे सारखे. मैदानावर त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला आज जिथे आहे तिथे नीट पोचला आहे, त्याला पुढे जायला महिनोन्महिने दम आणि वेग वाढवावा लागेल. दुसऱ्याच्या अंगात तीन-चार सेकंद आत्ताच आहेत, फक्त पहिली फेरी आवरली पाहिजे. पण वाचणारे काका-मामा त्याला काय सांगतात? ‘पहिल्या फेरीला काय सुटला होतास, वाघ!’ श्रीराम सिंग यांचे ५०.८५ आपल्याला आज ठाऊक आहे ते कोणीतरी घड्याळ दाबून लिहून ठेवले म्हणून. आपल्या मुलांचे कोणी लिहीतच नाही.

हे काम अवघड नाही. प्रत्येक शर्यतीसाठी एक वेगळा माणूस अंतिम रेषेपाशी उभा करावा आणि त्याने निकालाच्या वेळा घेण्यात गुंतू नये. कुठल्याही मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये फेरीचे बटण असते. सुरुवात पिस्तुलाच्या धुराला, आवाजाला नव्हे. फेरीची नोंद धावणाऱ्याची छाती रेषेवर येईल तेव्हा, पाय किंवा डोके नव्हे. पहिल्या तिघांची नोंद पुरे. हाताने घेतलेली वेळ दशांशापर्यंत लिहावी आणि उरलेला शतांश नेहमी वर न्यावा, म्हणजे ६४.१२ आले तर ६४.२. कपड्यावर नंबर मोठा आणि समोर लावला तरच घाईत ओळख पटते. नंबर पाठीवर लावण्याची इथली सवय त्यासाठी सोडावी लागेल.

१५०० मीटरला थोडी गफलत होते. ही शर्यत पावणेचार फेऱ्यांची, तिची सुरुवात अंतिम रेषेच्या १०० मीटर पुढून होते. त्यामुळे रेषेवरून मुले पहिल्यांदा जातात तेव्हा ३०० मीटर झालेले असतात, ४०० नाही. साडेचार मिनिटांचा वेग धरला तर रेषेवरचे आकडे ५४, २:०६, ३:१८ आणि ४:३० असे यायला हवेत. पहिला आकडा ४८ आला की ओळखावे, हा तिसऱ्या फेरीत बसणार. बरेच वेळाधिकारी ‘पहिली फेरी ५४’ असे ओरडतात, मुलगा घाबरतो किंवा फुशारतो, आणि दोन्हींनी शर्यत बिघडते. ‘तीनशे, चोपन्न’ असे अंतरासकट सांगावे.

वेग अंगात मुरवायचा सराव साधा आहे, मात्र कंटाळवाणा आहे. दर १०० मीटरवर वीट किंवा झेंडी ठेवावी. १६०० ची तयारी असेल तर प्रशिक्षकाने दर साडेवीस सेकंदांनी शिट्टी वाजवावी, मुलगा प्रत्येक शिट्टीला विटेपाशी असला पाहिजे. आठ वेळा २०० मीटर ४१ मध्ये, मध्ये मिनिट-सव्वा मिनिट रमतगमत. दोन आठवड्यांनी चार वेळा ४०० मीटर ८१-८२ मध्ये, मध्ये दीड मिनिट. मग शिट्टी बंद करायची : मुलाने २०० मीटर धावायचे, घड्याळ न पाहता वेळ सांगायची आणि मग खरी वेळ ऐकायची. पहिल्या दिवशी चार-पाच सेकंदांनी चुकतात. तीन-चार आठवड्यांत बहुतेक जण सेकंदाच्या आत येतात. ८०० च्या मुलांनी हेच आपल्या वेगाने करावे. २:१० साठी दोनशे-दोनशेचे तुकडे ३१.५, ३२.५, ३३, ३३ असे. पहिला तुकडा ‘फारच सोपा’ वाटला पाहिजे. सोपा वाटला नाही तर तो जास्त वेगाचा झाला.

चौदा ते सोळा वयाला आठवड्यात पाच दिवस आणि एकूण २५ ते ३० किलोमीटर पुरतात, त्यातले तीन-चतुर्थांश गप्पा मारता येतील अशा वेगाने. डांबरी रस्त्यावर रोज धावले की नडगी दुखू लागते. दुखणे नडगीभर पसरलेले असेल तर पल्ला कमी करून कच्च्या वाटेवर जावे. पण एकाच बोटाएवढ्या जागी दाबले की कळ येत असेल, एका पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते. तेव्हा डॉक्टर आणि सहा-आठ आठवडे विश्रांती, त्याला दुसरा उपाय नाही. कृत्रिम ट्रॅकवर स्पाइक्सचा खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, मुलांना ६ पुरतो. मातीच्या मैदानावरचे लांब खिळे तसेच घेऊन येणारी मुले ऐन वेळी अनवाणी उभी राहतात.

मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सहाच्या आत सराव आटोपावा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उलट घाई नको : दहा मिनिटे सावकाश धावणे, पायांचे झोके, ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा, आणि नाव पुकारेपर्यंत अंगात स्वेटर. शर्यतीच्या सकाळी बेडई-कचोरी नको. जेवण तीन तास आधी, साधे. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. सराव चालू असूनही महिना-दोन महिने वेळ घसरत असेल तर आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. ते १२ च्या खाली असेल तर कितीही शिट्ट्या वाजवल्या तरी पाय उचलणार नाहीत. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि आपल्या घरांतली जेवणाबरोबर चहा घेण्याची सवय मोडा, चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. पोह्यांवर लिंबू मात्र जरूर पिळा, त्याने फायदा होतो.

आयोजकांनाही विनंती आहे. एकाच मुलाला एका दिवसात ४००, ८००, १५०० आणि रिले धावायला लावू नये. शाळेच्या गुणांसाठी हे सर्रास होते. मग ती पोरे ८०० मध्ये जी फेरी धावतात तिच्यावरून त्यांच्याविषयी काहीच ठरवता येत नाही. दोन शर्यतींत निदान तीन तास असावेत.

आपल्या पानावर जागा किती मोलाची असते याची कल्पना आहे. ‘२:१०.४ (६४.१, ६६.३)’ एवढा कंस प्रत्येक निकालापुढे आला तरी काम भागते. यंदाच्या जिल्हा शालेय स्पर्धेपासून ८००, १५०० आणि ३००० मीटरच्या पहिल्या तिघांच्या फेऱ्यांच्या वेळा लिहून तो कागद त्याच संध्याकाळी आपल्या कचेरीत पोचवण्याची जबाबदारी आमची.

आपले,
मध्यम पल्ल्याच्या धावपटूंना शिकवणारे काही प्रशिक्षक
लष्कर, ग्वाल्हेर